बॉयलरचा वाढता दाब : सकाळचा काटा आणि रात्रीचा काटा

घर गरम ठेवणाऱ्या माझ्या बॉयलरचा दाब वाढतो अशी माझी तक्रार कधीच नव्हती. माझी तक्रार नेमकी उलटी होती. आठ-दहा दिवसांतून एकदा सकाळी उठून पाहावे तर दाबमापकाचा काटा ०.६ किंवा ०.७ बारवर आलेला असे, खोल्या तापवणारे रेडिएटर कोमट असत आणि मी पायजमा सावरत बॉयलरखाली वाकून फिलिंग लूपचे, म्हणजे नळाच्या लाइनमधून पाणी भरायच्या जोडणीचे, दोन्ही कॉक उघडून दाब पुन्हा १.५ बारपर्यंत नेऊन ठेवत असे. पाणी कुठे जाते हे शोधण्यासाठी मी सगळ्या रेडिएटरांच्या जोडांना कोरडे कागदी रुमाल लावून पाहिले, जमिनीवर ओल शोधली, कपाटामागचे पाईप बॅटरीच्या उजेडात तपासले. कुठेही थेंब सापडला नाही. दोन महिने मी गळती शोधत होतो, आणि या दोन महिन्यांत एकदाही मला रात्री, रेडिएटर चांगले तापलेले असताना, तोच काटा पाहण्याची बुद्धी झाली नाही.

ती झाली योगायोगाने. एका रात्री घराच्या मागच्या भिंतीबाहेरून काहीतरी टपटपल्याचा आवाज आला म्हणून बाहेर गेलो, तर भिंतीतून बाहेर निघून पुन्हा भिंतीकडे वळवलेल्या तांब्याच्या बारीक नळीच्या तोंडातून गरम पाणी ठिबकत होते आणि खालच्या फरशीवर वाफाळलेले थारोळे साचले होते. ही नळी बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची, हे मला माहीत होते. आत येऊन काटा पाहिला. तो २.९ बारवर होता.

म्हणजे पाणी गळत नव्हते, ते बाहेर फेकले जात होते. सकाळी दिसणारा कमी दाब हा रात्री वाढलेल्या दाबाचा परिणाम होता. इथून पुढे मी जे शिकलो ते सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण याच बाबतीत बहुतेक लोक माझ्यासारखेच अर्धा दिवस पाहून पूर्ण निदान करतात असे मला वाटू लागले आहे.

घर गरम ठेवणाऱ्या आजच्या बहुतेक बॉयलरांमधली पाण्याची व्यवस्था बंदिस्त असते. बॉयलर, पंप, पाईप आणि रेडिएटर यांतून तेच ते पाणी वर्षानुवर्षे फिरत राहते, आणि नळाला येणारे गरम पाणी हे त्यापासून पूर्णपणे वेगळे असते. हे फिरणारे पाणी थंड असताना त्याचा दाब साधारण १ ते १.५ बार ठेवतात. सुमारे दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ एक बार दाब देतो, म्हणून वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरपर्यंत पाणी भरलेले राहायला एवढा दाब पुरतो. पाणी तापले की ते फुगते. पंधरा अंशांवरचे शंभर लिटर पाणी पासष्ट अंशांपर्यंत तापवले तर ते जवळपास दोन लिटरने वाढते. पाणी दाबून लहान करता येत नाही, पाईप आणि रेडिएटर ताणले जात नाहीत, तेव्हा या दोन लिटरांसाठी कुठेतरी जागा हवी. ती जागा म्हणजे एक्स्पान्शन टँक, बहुधा लाल किंवा करड्या रंगाची, चपटी किंवा गोल लोखंडी टाकी, जिच्या मधोमध रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला या व्यवस्थेतले पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा किंवा नायट्रोजन वायू. पाणी फुगले की पडदा सरकतो, वायू दाबला जातो, पाणी निवले की वायू पडद्याला परत ढकलतो.

या टाकीत वायूचा दाब कारखान्यातूनच भरून येतो, घरगुती बॉयलरात बहुधा पाऊण ते एक बार. तो दाब वर्षांगणिक हळूहळू कमी होत जातो, कारण रबरातून वायूचे कण झिरपतात आणि हवा भरण्याचा व्हॉल्व्हही थोडा थोडा सोडत असतो. सायकल न वापरता उभी ठेवली तरी चाक मऊ पडते, तसेच हे. फरक इतकाच की चाक मऊ पडलेले बोटाला कळते, टाकी मऊ पडलेली कळत नाही.

पुढचा हिशेब समजायला रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेला नियम पुरतो : तापमान तेच राहिले तर वायूचा दाब आणि त्याचे आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो. यात दाब मोजताना वातावरणाचा एक बार मिळवायचा असतो, एवढे ध्यानात ठेवले की झाले. आठ लिटरची टाकी धरू, जिच्यात वायूचा दाब १ बार आहे, आणि थंड पाणीही १ बारपर्यंत भरले आहे. टाकीत सगळा आठ लिटर वायूच आहे. पाणी तापून दोन लिटर आत घुसले की वायूला सहा लिटर जागा उरते, आणि काटा १ वरून १.७ च्या जवळ जातो. यात काहीही वावगे नाही. आता हीच टाकी मऊ पडून तिच्यातला दाब ०.२ बार उरला आहे असे समजू. थंड पाणी १ बारपर्यंत भरतानाच टाकीतली तीनएक लिटर जागा पाण्याने व्यापली जाते आणि वायू जेमतेम पावणेपाच लिटर उरतो. मग तेच दोन लिटर आत आले की काटा २.४ वर पोचतो. आणि मी करत होतो तसे थंड पाणी १.५ पर्यंत भरले तर? वायू चार लिटरांपेक्षाही कमी, त्यात दोन लिटर पाणी घुसवायचे, म्हणजे काटा हिशेबाने ४ च्या पुढे जायला हवा. तो तिथे पोचत नाही, कारण सेफ्टी व्हॉल्व्ह ३ बारला उघडतो आणि जास्तीचे पाणी भिंतीबाहेर टाकतो.

हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसलो. दाब कमी झाला म्हणून मी जेवढे जास्त पाणी भरत होतो, तेवढे जास्त पाणी त्याच रात्री बाहेर पडत होते. रोग्याला मीच आजारी पाडत होतो आणि दर खेपेला औषध दिल्याचे समाधान मानत होतो.

तंत्रज्ञांना बोलावले. बॉयलरचे बंद झाकण उघडणे हे गॅसच्या कामाचा परवाना असलेल्या माणसाचेच काम आहे, कारण अनेक बॉयलरांत तेच झाकण ज्वलनातून निघणाऱ्या वायूंना घराबाहेर ठेवणाऱ्या बंदिस्त पेटीचा भाग असते. ते नीट बसले नाही तर दाबापेक्षा कितीतरी गंभीर प्रश्न उभा राहतो. माझे म्हणणे ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “रात्री काटा किती असतो आणि सकाळी किती, हे लिहून ठेवलंय का तुम्ही?” मी नाही म्हणालो. ते म्हणाले, “असू दे. पण आता ठेवा.”

त्यांनी बॉयलर बंद करून निवू दिला, खालचा ड्रेन कॉक उघडून पाण्याचा दाब शून्यावर आणला आणि कॉक उघडाच ठेवला. हे महत्त्वाचे आहे. पाण्याचा दाब तसाच असताना टाकीतली हवा मोजली तर मोजणारे यंत्र पाण्याचाच दाब दाखवते आणि टाकी ठणठणीत असल्याचा भास होतो. मग टाकीवरची काळी प्लास्टिकची टोपी काढली. खाली मोटारीच्या चाकाला असतो तसाच व्हॉल्व्ह होता. त्यांनी आधी त्याची मधली टाचणी नखाने क्षणभर दाबली आणि माझ्याकडे पाहिले. क्षीण फुस्स असा आवाज आला. “पाणी आलं असतं तर पडदा फाटला असं समजायचं, मग टाकीच बदलावी लागली असती. हवा येतेय, म्हणजे पडदा शाबूत आहे.” चाकाची हवा मोजतात तेच यंत्र लावले, तर ०.२ बार. साध्या पायपंपाने त्यांनी हवा भरायला सुरुवात केली तेव्हा उघड्या ड्रेन कॉकमधून काळपट पाण्याच्या एकामागून एक पिचकाऱ्या बादलीत पडू लागल्या. टाकीत जे पाणी ठाण मांडून बसले होते, ते पडदा मागे सरकून बाहेर ढकलत होता. पिचकाऱ्या थांबल्या, यंत्राने १ बार दाखवला, तेव्हा कॉक बंद करून त्यांनी थंड पाणी १.२ पर्यंत भरले. सेफ्टी व्हॉल्व्हही बदलला, कारण तो एकदा उघडला की त्याच्या बैठकीवर, म्हणजे तो जिथे टेकून बंद होतो तिथे, गाळाचा कण अडकतो आणि तो पुन्हा घट्ट बसेल याची खात्री राहत नाही. माझा तर दोन महिने उघडत-मिटत होता.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण आता मी वही घातली होती. रोज सकाळी सहाला, बॉयलर सुरू होण्याआधी, आणि रात्री नऊला, रेडिएटर तासभर पूर्ण तापल्यानंतर, अशा दोन नोंदी. पहिल्या दिवशी सकाळी १.२ आणि रात्री २.०. दुसऱ्या दिवशी १.३ आणि २.२. तिसऱ्या दिवशी १.४ आणि २.४. चौथ्या दिवशी १.५ आणि २.६.

वहीत हे चार दिवस एकाखाली एक लिहिल्यावरच त्यातली गंमत दिसली. दाब आता दोन प्रकारे वाढत होता. एक वाढ दिवसाची होती : सकाळी खाली, रात्री वर, आणि पुन्हा खाली. ती पाणी तापल्याची. दुसरी वाढ सकाळच्या रकान्यात उभी होती : १.२, १.३, १.४, १.५. ती तापण्याची असूच शकत नव्हती, कारण सकाळी सहाला पाणी रोज सारखेच थंड असते. थंड पाण्याचा दाब दिवसागणिक चढतो याचा अर्थ एकच, की या बंदिस्त व्यवस्थेत कुठून तरी नवे पाणी शिरते आहे.

माझ्या मते सगळ्या निदानाचा गाभा या दोन रकान्यांत आहे. काटा तापलेल्या अवस्थेत उंच जाऊन निवल्यावर रोज त्याच जागी परत येत असेल, तर दोष फुगलेल्या पाण्याला जागा न मिळण्याचा : टाकी मऊ पडली आहे, पडदा फाटला आहे, टाकीकडे जाणारी बारीक नळी गाळाने तुंबली आहे, किंवा नंतर जास्तीचे रेडिएटर बसवल्यामुळे पाणी वाढले आणि टाकी तेवढीच राहिली आहे. काटा निवलेल्या अवस्थेतही दिवसेंदिवस चढत असेल, किंवा बॉयलर अख्खी रात्र बंद ठेवूनही चढत असेल, तर पाणी बाहेरून येते आहे आणि टाकीत कितीही हवा भरली तरी उपयोग नाही. काट्यावर कोणत्याही एका क्षणी दिसणारा २.६ हा आकडा या दोहोंपैकी काहीच सांगत नाही.

एक फसवी बाब मात्र नोंदवायला हवी. वरच्या आकड्यांत सकाळ आणि रात्र यांतले अंतरही वाढत गेलेले दिसेल : ०.८, ०.९, १.०, १.१. मला वाटले, टाकी पुन्हा मऊ पडू लागली. पण तसे नव्हते. बाहेरून आलेल्या पाण्याने टाकीतली जागा खाल्ली की वायू आधीच दबलेला असतो, आणि मग तेच दोन लिटर त्याला अधिक जोराने दाबतात. अंतर वाढणे हे इथे कारण नव्हते, परिणाम होता. सकाळच्या रकान्याकडे न पाहता केवळ अंतर पाहिले असते तर मी पुन्हा टाकीच्याच मागे लागलो असतो.

पाणी बाहेरून शिरायला वाटा मोजक्याच असतात. बंदिस्त व्यवस्थेला बाहेरच्या पाण्याच्या लाइनचा जिथे जिथे शेजार आहे, तिथेच. पहिला शेजार फिलिंग लूपचा : गुंडाळलेल्या पोलादी जाळीची लवचीक होज, तिच्या दोन्ही टोकांना कॉक, आणि एका बाजूला पाणी उलटे वाहू न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. दुसरा शेजार प्लेट हीट एक्स्चेंजरचा, ज्यात पातळ पत्र्याच्या एका बाजूने बॉयलरचे गरम पाणी आणि दुसऱ्या बाजूने नळाचे पाणी वाहते. तंत्रज्ञांना फोन केला तेव्हा मी थेट एक्स्चेंजरच फुटला का असे विचारले, कारण वाचीव माहितीवर माणूस नेहमी सर्वांत महागडा दोष आधी गृहीत धरतो. ते म्हणाले, “होईलही. पण आधी होज काढून बघा. त्याला पैसे पडत नाहीत.”

होजच्या दोन्ही टोकांचे कॉक स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे, डोक्यावर खाच असलेले होते. खाच पाईपच्या दिशेने असली की कॉक उघडा, आडवी असली की बंद. वाकून पाहिले तर बॉयलरच्या बाजूच्या कॉकची खाच ना उभी होती ना आडवी, तिरकी होती. दोन महिने घाईघाईने पाणी भरताना तो मीच कधीतरी अर्धवट सोडला होता. त्या बाजूने आता अडवणारे काही नव्हते. खाच आडवी केली, खाली टॉवेल ठेवला, पान्याने होज सोडवली. आत अडकलेले चमचाभर पाणी सांडले आणि मग लाइनच्या बाजूच्या, नीट बंद असलेल्या कॉकच्या तोंडावर एक थेंब जमू लागला. तो फुगला, लांबला, पडला. घड्याळ लावून बसलो. अकरा-बारा सेकंदांनी दुसरा पडला.

इतक्या बारीक थेंबाने अख्ख्या घराच्या व्यवस्थेचा दाब चढतो यावर माझा प्रथम विश्वास बसेना, म्हणून पुन्हा कागद घेतला. आठ लिटरच्या टाकीत वायूचा मूळ दाब १ बार. काटा १.२ वर असताना वायू ७.२७ लिटर, १.५ वर असताना ६.४ लिटर. म्हणजे तीन दिवसांत सुमारे पावणेनऊशे मिलिलिटर पाणी शिरले, दिवसाला साधारण २९० मिलिलिटर, एक मोठा पेला. एका मिलिलिटरचे ढोबळमानाने वीस थेंब धरले तर दिवसाला ५,८०० थेंब, म्हणजे पंधरा सेकंदांना एक. मी मोजलेला थेंब थोडा वेगवान होता, आणि तो तसाच असायला हवा होता, कारण होज काढल्यावर त्याला समोरून विरोध करणारा बॉयलरचा दाब उरला नव्हता. हिशेब आणि घड्याळ यांचे इतके जुळलेले पाहून झालेला आनंद घरातल्या कोणाला समजावून सांगता आला नाही, तो भाग वेगळा.

पण थेंब सापडला म्हणून एक्स्चेंजर निर्दोष ठरत नाही. दोन्ही दोष एकत्र असू शकतात; माझ्याकडे टाकी आणि कॉक असे दोन तर आधीच होते. म्हणून दोन्ही तोंडांना पितळी टोप्या घट्ट बसवून, होज कपाटात ठेवून, थंड दाब १.२ वर आणला आणि दोन दिवस थांबलो. सकाळचा काटा १.२ वरच राहिला. बाहेरून पाणी येण्याची दुसरी वाट असती तर ती या दोन दिवसांत दिसली असती. एखाद्या दिवशी खोली जास्त गार असल्यामुळे काटा केसभर खाली किंवा वर दिसतो, त्याला काही अर्थ नसतो. अर्थ असतो तो एकाच दिशेने सरकत जाण्याला.

होज काढूनही काटा चढत राहिला असता तर पुढची पायरीही ठरलेली होती, आणि ज्यांच्या बॉयलरात पाणी भरण्याची सोय आतच बसवलेली असते, होज काढताच येत नाही, त्यांना तीच उपयोगी पडेल. बॉयलरच्या खाली नळाच्या पाण्याच्या येणाऱ्या पाईपवर एक कॉक असतो. बॉयलर बंद करून तो कॉक मिटायचा आणि घरातला सर्वांत खालचा गरम पाण्याचा नळ उघडून त्या बाजूचा दाब काढून टाकायचा. आता एक्स्चेंजरच्या पत्र्याला भोक असेल तर खेळ उलटतो. आधी बाहेरच्या लाइनचा दाब बॉयलरच्या दाबापेक्षा जास्त होता म्हणून नळाचे पाणी आत येत होते. आता बॉयलरचा दाब जास्त, म्हणून आतले पाणी नळाकडे जाते. काटा हळूहळू उतरतो आणि लाइन बंद असतानाही उघडा नळ ठिबकत राहतो. अशा वेळी नळाच्या पाण्यात रेडिएटरमधले गंजरोधक रसायन मिसळत असते, म्हणून पत्र्याला भोक ठरल्यावर ते पाणी पिण्यात किंवा स्वयंपाकात येऊ देऊ नये. काटा उतरला नाही आणि चढलाही नाही, तर मात्र आतली पाणी भरण्याची चावीच पाणी सोडते आहे असे धरावे लागते, कारण तिलाही पाणी त्याच मिटलेल्या पाईपमधून मिळत असते.

गरम पाण्याचा साठा वेगळ्या टाकीत असलेल्या घरांत एक्स्चेंजरच्या जागी त्या टाकीतली वेटोळी नळी संशयित ठरते. तिथेही पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते, एवढे एकच सूत्र लक्षात ठेवले की दिशा कळते. साठ्याची टाकी थेट लाइनच्या दाबावर असेल तर बॉयलरचा काटा चढेल. तिला माळ्यावरच्या उघड्या हौदातून पाणी येत असेल तर तिथला दाब बॉयलरपेक्षा बहुधा कमीच असतो, आणि त्याच भोकामुळे काटा चढण्याऐवजी उतरेल.

काही देशांत बॉयलरचे दाबमापक बारऐवजी पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच) असते आणि तिथली रचनाही थोडी वेगळी असते. थंड दाब १२ ते १५ पीएसआय, सेफ्टी व्हॉल्व्ह ३० पीएसआयला, म्हणजे सुमारे २.१ बारलाच उघडणारा, आणि पाणी भरायला होज नसून कायमचा जोडलेला स्वयंचलित फीड व्हॉल्व्ह, जो दाब १२ च्या खाली गेला की आपोआप पाणी सोडतो. ही सोय मला थोडी धोक्याची वाटते, कारण गळती असली तरी तो तिची भरपाई गुपचूप करत राहतो आणि मालकाला काहीच कळत नाही. त्याची बैठक झिजली की तो थांबायच्या ठिकाणी थांबत नाही आणि काटा चढत राहतो. निदान मात्र सोपे आहे : त्याच्या आधीचा हातकॉक मिटून रात्रभर थांबायचे. काटा थांबला तर दोष फीड व्हॉल्व्हचा.

दाबमापकावरही आंधळा विश्वास नको. आतली वक्र पोकळ नळी दाबाने सरळ होऊ पाहते आणि काट्याला ओढते, ही युक्ती युजेन बूर्दोंने १८४९ साली पेटंट केली आणि अजून तीच चालते. पण तिच्याकडे जाणारे भोक गाळाने बुजले तर काटा जिथे असेल तिथे गोठतो. पाणी पूर्ण काढल्यावर काटा शून्यावर आला नाही तर आधी काटाच बदलावा. माझ्याकडे तो शून्यावर आलेला मी तंत्रज्ञांच्या पहिल्या भेटीतच पाहिला होता, म्हणून ती शंका राहिली नाही.

अचानक काटा ३ च्या जवळ दिसला तर काय करावे, हे थोडक्यात. बॉयलर बंद करावा, फिलिंग लूपचे दोन्ही कॉक खरोखर बंद आहेत का हे खाच पाहून तपासावे, आणि रेडिएटर हाताला गार लागेपर्यंत थांबावे. मगच एखाद्या रेडिएटरच्या हवा काढण्याच्या किल्लीने भांड्यात थोडे पाणी काढून दाब १.२ वर आणावा. गरम असताना किल्ली फिरवली तर हात भाजतो. आणि बाहेर ठिबकणाऱ्या तांब्याच्या नळीचे तोंड कोणत्याही परिस्थितीत बुजवू नये. थारोळ्याला कंटाळून तिच्यात बूच मारावेसे वाटते, हे मी समजू शकतो. पण दाब वाढल्यावर घराला वाचवणारी ती शेवटची वाट आहे.

राहून राहून मला एका गोष्टीचे नवल वाटते. एक्स्पान्शन टँक मऊ पडली नसती तर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला नसता. तो उघडला नसता तर मी इतक्या वेळा पाणी भरले नसते. इतक्या वेळा कॉक फिरवले नसते तर एकाची बैठक झिजली नसती आणि दुसरा तिरका राहिला नसता. आणि जोवर जुना सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर सोडत होता, तोवर कॉकमधून आत येणारे पाणी त्याच वाटेने निघून जात होते, म्हणून सकाळचा काटा चढलेला दिसतच नव्हता. नवा व्हॉल्व्ह घट्ट बसला तेव्हा पहिल्यांदा ते उघडे पडले. चार दिवस मला वाटत होते की दुरुस्तीनेच नवा बिघाड केला. तंत्रज्ञांशी फोनवर बोलताना तसे मी किंचित सुचवलेही होते, त्याची आता लाज वाटते.

मागे उरलेले काम म्हणजे पाण्याची प्रत. दोन महिन्यांत कितीतरी ताजे पाणी आत गेले आणि जुने बाहेर पडले. ताज्या पाण्यासोबत प्राणवायू येतो, तो रेडिएटरचे लोखंड आतून खातो आणि त्याचा काळा गाळ होतो. बादलीत पडलेल्या त्या काळपट पिचकाऱ्या त्याच्याच होत्या. गंजरोधक रसायनही पातळ झाले होते. ते पुन्हा घालून घेतले आणि गाळ धरणारा चुंबकी फिल्टर बसवून घेतला. तो पहिल्यांदा उघडला तेव्हा आतली चुंबकाची कांडी ओल्या काजळीसारख्या थराने बोटभर जाड झाली होती.

वही अजून बॉयलरजवळच्या खिळ्याला टांगलेली आहे. सकाळी १.२, रात्री २.०, एवढेच आकडे खाली खाली चालले आहेत. बाहेरच्या तांब्याच्या नळीच्या तोंडाला मी एक पातळ प्लास्टिकची पिशवी सैल बांधून ठेवली आहे, इतकी सैल की पाणी जोरात आले तर ती निघून पडेल, आणि थेंबभर आले तर तिच्या तळाशी दिसेल. आज सकाळी पाहिली. कोरडी आहे.